अर्ज भरायला मदत : उपकार की देणे?

बारावीचा निकाल लागला की आपल्या देवगाव रंगारीत घरोघर पेढे वाटले जातात. पण ज्या घरातून आजवर कोणीच कॉलेजला गेलेले नाही, तिथे पेढ्यांपाठोपाठ प्रश्न येतो, आता पुढे काय? अशा मुलाला मदत करणे हा आपला उपकार की आपले देणे, याचा आपण विचार करायला हवा.

इंजिनिअरिंग वा फार्मसीला जायचे तर सीईटीचे गुण पुरत नाहीत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर यांसाठी कन्नडच्या तहसीलपर्यंत धावपळ होते. मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागते. नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद होतात. शिकलेल्या घरातील मुलाला हे जेवताना बोलता बोलता कळते. दुसऱ्याला ते जागा गेल्यावर कळते. दोघांचे गुण सारखेच असतात. मग या निकालाला गुणवत्ता कसे म्हणावे?

2024 पासून वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागासवर्गीय घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क शासन भरते. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. हे ठाऊक नसलेला बाप एजंटला पैसे देतो, मॅनेजमेंटची जागा घेतो, आणि लेकीचा हक्क तिथेच संपतो. सवलत कागदावर होती. सांगणारे कोणी नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादला कॉलेज सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्याला विद्यापीठ मिळाले ते 1958 साली. ज्यांच्या घरात शिक्षण नव्हते त्यांनीच ते शोधत यावे, म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत. आज कॉलेज जवळ आहे, पण त्याचे दार मोबाईलच्या पडद्यावर उघडते. ते उघडायला आपल्यालाही कधीतरी कोणी शिकवले होते. जे आपल्याला फुकट मिळाले, ते पुढे देणे हा उपकार कसा होईल?

कोणी म्हणतील, आयते दिले तर मुले परावलंबी होतील. हे म्हणणे खोटे नाही. म्हणून आपण शेजारी बसावे, त्यांच्या जागी बसू नये. पासवर्ड मुलाच्याच वहीत राहावा, अर्ज त्यानेच भरावा, पसंती त्याचीच असावी. आपल्याला नर्सिंगची वाट माहीत आहे म्हणून प्रत्येक मुलीला तिकडेच धाडणे ही मदत नव्हे.

आपल्यापैकी जे शिकले, त्यांनी निकालानंतरच्या काही संध्याकाळी या मुलांसाठी राखून ठेवाव्यात. आणि ज्यांची मुले आज अकरावीत आहेत, त्यांच्या घरी आपण याच आठवड्यात जावे. कोणता दाखला हाती आहे, कोणता काढायचा राहिला, एवढे विचारले तरी सुरुवात होईल.