कबरांमधून घराकडे
(गरिबांच्या जागतिक दिनानिमित्त)



पोप फ्रान्सिस यांनी घालून दिलेल्या प्रथेनुसार २०१७ सालापासून ख्रिस्तसभा सामान्य काळातील ३३ वा रविवार गरिबांचा जागतिक दिन म्हणून पाळते. या दिवशी आपण दानपेटीत पैसे टाकतो, गरजूंना धान्य देतो. हे चांगलेच आहे. पण एक गरीब असा आहे, की ज्याला काही द्यायलाही आपला हात कचरतो. स्टेशनाच्या पुलाखाली झोपणारा, दारूच्या किंवा गर्दच्या आहारी गेलेला माणूस. 'याला पैसे दिले तर तो पिऊनच टाकणार,' असे म्हणून आपण पुढे जातो. पुष्कळदा ते खरेही असते. मग पैसे द्यायचे नाहीत, तर त्याला द्यायचे काय?

संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आज घरी वाचा. गरसेकरांच्या प्रदेशात एक भूतग्रस्त कबरांमध्ये राहत असे. रात्रंदिवस ओरडे, दगडांनी स्वतःचे अंग ठेचून घेई. तो बरेच दिवस घरात राहत नव्हता आणि अंगावर वस्त्र घालत नव्हता, असे संत लूक सांगतो. गावाने त्याच्यासाठी काहीच केले नव्हते असे नाही. त्याला अनेकदा बेड्यांनी आणि साखळ्यांनी बांधून पाहिले होते. गावाला तेवढाच एक उपाय ठाऊक होता.

आपले उपाय फारसे वेगळे नाहीत. घरात कोंडणे, मारझोड करणे, क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणे. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानेही भीक मागणाऱ्याला पकडून भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्या शहरापुरती या कायद्यातील शिक्षेची प्रमुख कलमे रद्द केली. साखळीने माणूस एका जागी राहतो, पण बरा होत नाही.

'मनात आणले तर तो सोडेल,' असे आपण म्हणतो. संत आगुस्तीनला हा प्रश्न स्वतःच्या आयुष्यात पडला होता. वाकड्या इच्छेतून वासना, वासनेतून सवय आणि सवयीतून निरुपाय, अशा कड्या जोडत आपलीच इच्छा आपली साखळी कशी बनते, हे त्याने स्वतःला तपासून दाखवले. आजचे वैद्यकशास्त्रही व्यसनाला आजार मानते. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर त्याला आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू सोडवताना डॉक्टरांची देखरेख हवी, कोंडलेली खोली नव्हे.

आजार म्हटले म्हणजे त्या माणसाची जबाबदारी संपली का? नाही. तो भूतग्रस्त येशूला दुरून पाहून स्वतः धावत आला आणि पाया पडला. इतकी स्वतंत्रता त्याच्यात उरली होती. पण धावत जावे असे कोणीतरी त्याला दिसावे लागले.

येशूने त्याला नाव विचारले. बिचारा आपले नाव विसरला होता. त्याने भुतांचेच नाव सांगितले, 'सैन्य'. आपणही त्याच्या नावाऐवजी बेवडा, गर्दुल्ला म्हणतो. मग सुमारे २,००० डुकरे समुद्रात बुडाली आणि लोक धावत आले. तो माणूस वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला त्यांनी पाहिला, तरी त्यांनी येशूलाच निघून जाण्याची विनंती केली. व्यसनमुक्ती केंद्र किंवा रात्रनिवारा आपल्या आळीत येणार म्हटल्यावर 'काम चांगले आहे, पण इथे नको' असे म्हणणारे आपण त्यांच्याच रांगेत बसतो.

बरा झालेला तो माणूस येशूबरोबर नावेत यायला निघाला. येशूने त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे पाठवले. उपकाराच्या ओझ्याखाली ठेवले नाही, स्वतःच्या पायावर उभे केले. व्यसनमुक्तीचा शेवट हाच आहे. केंद्रातून बाहेर पडलेल्याला खोली नसेल, काम नसेल, आधार कार्ड नसेल, संध्याकाळी विचारणारे कोणी नसेल, तर तो पुन्हा त्याच पुलाखाली आणि त्याच सोबत्यांत जातो.

१९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केले. एका चर्चच्या जागेत सुरू झालेले ते काम पुढे देशात अनेक ठिकाणी पोहोचले. एखाद्या धर्मग्रामाने दार उघडले तर काय होऊ शकते, हे त्यावरून दिसते.

आपण काय करू शकतो? रोज दिसणाऱ्या त्या माणसाचे नाव विचारावे. पैशांऐवजी त्याच्याबरोबर चहा घ्यावा. तो तयार असेल, तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करावा. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांनी त्याच्यासोबत सरकारी रुग्णालयात जावे, त्याची कागदपत्रे काढून द्यावीत. ज्यांची वाडी, दुकान किंवा कारखाना आहे, त्यांनी दया म्हणून नव्हे तर रीतसर मजुरी देऊन त्याला काम द्यावे. तो पुन्हा घसरला, तर सात वेळा नव्हे तर सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करण्याची आज्ञा आठवावी.

आणखी एक विनंती. पुलाखाली कोणी जन्मत नाही. तो कुणाच्या तरी ओसरीवरून उठून तिथे गेलेला असतो. लग्नात आणि सणावाराला, ज्याने कष्टाने दारू सोडली आहे त्याला 'आजच्या दिवस घे' असा आग्रह कृपया करू नका. त्या एका पेल्याने त्याचे घर मोडू शकते.

हे प्रभो येशू, कबरांमध्ये भटकणाऱ्याला तू नाव विचारलेस आणि घरी पाठवलेस. आमच्या रस्त्यावरील बांधवांना घरी परतण्याचे बळ दे, आणि त्यांच्यासाठी दार उघडण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू