अंगणातला वाटा

परसातली माती उकरून तिथे पेव्हर ब्लॉक, लाकडी डेक, वेताच्या खुर्च्या आणि कडेने फॉक्सटेल पामची रांग, असा बदल आता शहरातल्या बंगल्यांत होतो आणि कोकणातल्या नव्या घरांतही. तो आवडीचा आणि खर्चाचा प्रश्न समजला जातो. मला तो धर्माचा प्रश्न वाटतो. पूजाअर्चेच्या अर्थाने नव्हे, तर घर करून राहणारा माणूस कोणाचे काय देणे लागतो, या अर्थाने.

या देण्याचा विचार आपल्याकडे फार बारकाईने झाला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात घरातल्या हिंसेच्या पाच जागा सांगितल्या आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. यांत शिकार नाही, युद्ध नाही. रोजचे साधे जगणे आहे, आणि तरी त्यात किडामुंगी मरतेच. म्हणून पाच महायज्ञ, आणि त्यांतला भूतयज्ञ म्हणजे जीवमात्राला अन्नातला वाटा. हिंसा टळत नाही म्हणून परतफेडही टळत नाही, हा तर्क मला आजही पटतो. त्या ग्रंथाचा अधिकार मात्र मी मानत नाही. त्याच अध्यायात कुत्रे, कावळे आणि कृमी यांच्या पंक्तीला ‘पतित’ आणि ‘श्वपच’ म्हणून माणसेही बसवली आहेत आणि त्यांचे अन्न भुईवर ठेवायला सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला, तो माणसाला माणूस न मानणाऱ्या अशाच वचनांमुळे. माणसाला भुईवर वाटा द्यायचा नसतो, शेजारी बसवायचे असते. मुंगीला आणि माशीला मात्र खुर्ची नको असते, भुईच हवी असते.

आणि नेमकी तीच आपण बुजवतो. मधमाश्यांच्या बहुसंख्य जाती पोळे बांधत नाहीत. एकेकटी मादी जमिनीत बीळ करून अंडी घालते. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या नीलवंताचा सुरवंट लिंबाच्या कुळातल्या झाडांची पाने खाऊन वाढतो. जुन्या परसात लिंबू होते, कढीपत्ता होता, मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळी होत्या. ही झाडे कोणी दानधर्म म्हणून लावली नव्हती, पण वाटा आपसूक जात होता. आज ‘कीड लागत नाही’ हा झाडाचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. कीड लागत नाही म्हणजे त्या झाडाने कोणालाच जेवू घातलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, जुन्या परसाचे इतके कौतुक कशाला? तिथे बायकांनी पाणी शेंदायचे, धुणीभांडी करायची, आणि ओटीवर निवांत बसायचे ते पुरुषांनी. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. घरच्या बाईला संध्याकाळी परसात खुर्ची टाकून बसता येत असेल, म्हाताऱ्या माणसाला न घसरता चालता येत असेल, तर तो बदल धर्माच्याच बाजूचा. पण खुर्चीला आणि पायवाटेला लागते ती थोडी जागा. त्यासाठी सगळे परस कुंपणापर्यंत झाकावे लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: चोपून, शेणाने सारवलेले अंगण तरी मोकळी माती कुठे होते? नव्हतेच. तेही माणसाने स्वतःसाठी केलेले. पण सिंधुदुर्गातले खळे, म्हणजे तिथले अंगण, पाहा. ते पावसाळा सरला की दरवर्षी नव्याने करावे लागते, कारण मधल्या पावसाने त्याची पुन्हा माती केलेली असते. त्या चार महिन्यांत तिथे गवत, गांडुळे आणि बेडूक राहून जात, आणि तुळशीच्या लग्नाआधी घरची माणसे ती जागा चोपून, सारवून त्यांच्याकडून परत मागून घेत.