उलटा टांगलेला

आमच्या घरात एक चित्र आहे. नवा माणूस आला की आधी ते सरळ करायला हात घालतो. कारण त्यात एक जण पाय वर, डोकं खाली असा झाडाला टांगलेला आहे. बाप होता तोवर तोच अडवायचा. म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या. चित्र सुलटंच हाय. मानसाला उलटा केलाय."

चित्र तिशियनचं. हा व्हेनिसचा चित्रकार १५७६ साली प्लेगच्या साथीत वारला. हे त्याच्या अगदी शेवटच्या वर्षांतलं काम. मूळ चित्र आज चेक प्रजासत्ताकात एका आर्चबिशपच्या वाड्यात आहे. माझ्याकडे आहे तो एका फाटक्या पुस्तकातला कागद. १९७८ साली मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात नट-बोल्टांच्या ढिगाशेजारी ते पुस्तक पडलं होतं. पुठ्ठा नाही, निम्मी पानं नाहीत. ग्रीकांच्या पुराणातली चित्रं आणि पुतळे होते त्यात. मी ते पान कापलं आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोरच्या भिंतीला लावलं.

बाप खडकीहून पाळी करून आला. चित्र बघितलं. चहा पिईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपलं द्येव संगमावर सोडलं, ते ह्ये परक्याचं घरात आनाया व्हय?"

हा प्रश्न हसून उडवण्यासारखा नव्हता. १९५६ साली नागपूरची दीक्षा झाली, त्याच साली बापानं देव्हारा रिकामा केला. खंडोबाचा टाक, मरीआई, सगळं फडक्यात बांधून मुळा-मुठेच्या संगमावर नेलं. आई म्हणत होती, चांदी तरी काढून ठिवा. बापानं चांदीही ठेवली नाही. मी तेव्हा सहा वर्षांचा. फडकं पाण्यात गेलेलं मी बघितलेलं आहे. आता त्याच घराच्या भिंतीवर मी एक देव आणला होता, तोही हातात सुरी घेतलेला. ज्यानं आपले देव टाकले त्यानं दुसऱ्याच्या देवांची चित्रं आवडीनं बघावी काय?

मी तेव्हा शिकलेल्याच्या तोऱ्यात उत्तर दिलं. म्हणालो, बा, ह्या देवांना आता कोण भजत नाही. मुंबईच्या जे. जे. मध्ये अपोलोची प्लास्टरची मुंडकी पोरांनी बघून बघून चितारली, कुणी त्यांना हळद-कुंकू वाहिलं नाही. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात ग्रीकांचा समुद्रदेव सापडला, पोसायडन, वीतभर उंचीचा, ब्राँझचा. व्यापाराच्या मालातनं सातवाहनांच्या काळात आलेला, भांड्याकुंड्यांबरोबर पुरलेला. आज तो टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. त्याच्या दारात कुणी आपल्याला अडवत नाही. पर्वतीवर १९२९ साली आपली माणसं देवळात शिरायला गेली, त्यांनी दगड खाल्ले. पोसायडनचं देऊळच नाही, तर दगड कोण मारणार?

बाप म्हणाला, "मेलेलं ढोर वढायला आमीच लागायचो. आता मेलेलं द्येव बी आमीच वढायचं का?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी नुसती गोष्ट सांगितली.

अथीना देवीनं एक जोडपावा केला. वाजवताना गाल फुगतात, तोंड वाईट दिसतं, म्हणून तिनं तो फेकला. मार्सियस नावाचा रानातला एक प्राणी, निम्मा माणूस निम्मा जनावर, त्यानं तो उचलला. टाकलेलंच उचललं, कुणाचं चोरलं नाही. वाजवून वाजवून इतका तयार झाला की अपोलोशी, म्हणजे वाद्यांच्या खुद्द देवाशी, त्यानं पैज लावली. जो जिंकेल त्यानं हरलेल्याचं वाटेल ते करावं. निवाडा करायला बसल्या त्या कलादेवी, अपोलोच्याच परिवारातल्या. पहिल्या फेरीत दोघं बरोबरीत सुटले. मग अपोलोनं आपलं तंतुवाद्य उलटं धरून वाजवलं आणि म्हणाला, आता तू तसं कर. पावा उलटा धरून वाजत नाही. काही ठिकाणी सांगतात की अपोलो वाजवता वाजवता गायला. तोंडात पावा असलेला गाणार कसा? मार्सियस हरला. अपोलोनं त्याला जिवंत सोललं. ते कातडं केलेनाय गावात टांगलेलं होतं, असं हिरोडोटसनं लिहून ठेवलं आहे.

बाप चित्राजवळ गेला. लहानपणी त्यानं गावकीत ढोरं सोलली होती. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी हे सोडा म्हणून सांगितलं, पुढं काही वर्षांनी आमच्या गावानं सोडलं, तोवर. त्याला त्यातलं कळत होतं. म्हणाला, ढोर उताणं पाडून पोटाला एकच सरळ चीर द्यायची. मग मूठ घालून कातडं सोडवत जायचं, सुरी जेवढी कमी तेवढी बरी. कातड्याला चीर गेली की ढोर भाव पाडतो. हा सुरीच चालवतोय. मग थांबला.

"जित्ता हाय न्हवं ह्यो?"

"हो."

"मंग ह्येला कातडं नकोच हाय. कातडं पायजे असतं तर मेल्यावर काडलं असतं."

चित्रकलेवरची जी काय पुस्तकं मी पुढं वाचली त्यात ह्या चित्राच्या रंगाबद्दल पानंच्या पानं आहेत. बापाचं हे वाक्य कुठं मिळालं नाही.

मला हे चित्र आवडतं, हे सांगताना अजूनही जीभ अडखळते. सोलणं आवडतं काय? नाही. पण आपल्याकडच्या छापील देवांचं बघा. लोणावळ्याजवळ मळवलीच्या छापखान्यातनं राजा रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती घराघरात गेली. शंबूकाचं मुंडकं उडवणारा राम मी कुठल्या भिंतीवर टांगलेला बघितला नाही. एकलव्याचा अंगठा बघितला, पण तो गुरुभक्ती म्हणून. तिशियनचा देव गुडघ्यावर बसलाय, डोक्यावर पानांचा मुकुट, आणि स्वतःच्या हातानं छाती सोलतोय. शेजारी एक जण शांतपणे वाद्य वाजवतोय. खाली एक लहान कुत्रं रक्त चाटतंय. झाडाला त्याचा पावा लटकलाय. ह्या चित्राला नमस्कार करता येत नाही. देवाचं काम समोर दिसतंय, तेव्हा हात जुळतील कसे?

काही जाणकार म्हणतात, वाजवणारा तोच अपोलो. तसं असेल तर सगळंच फिरतं. मग सुरी दुसऱ्या कुणाच्या हातात आहे आणि देव नामानिराळा.

उजव्या अंगाला मायडस राजा बसलाय. हात तोंडाशी. बघतोय, अडवत नाही. तो चेहरा म्हाताऱ्या तिशियनचाच असं पुष्कळ जण मानतात. त्यानं स्वतःला सोलणाऱ्यात धरलं नाही, सोलला जाणाऱ्यातही नाही. बघणाऱ्यात बसवलं. हा प्रामाणिकपणा मला पटतो आणि त्याचा रागही येतो. मीसुद्धा खुर्ची टाकून तेच बघत असतो.

त्याच फाटक्या पुस्तकात एका संगमरवरी पुतळ्याचा फोटो होता. मूळ पुतळा फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात. एक उघडा माणूस उकिडवा बसून दगडावर सुरी घासतोय आणि मान वर करून बघतोय. फार वर्षं लोकांना कळत नव्हतं हा कोण. मग ओळख पटली, हा सिथियन गुलाम. मार्सियसला सोलण्यासाठी सुरीला धार लावतोय. अपोलोनं सांगायचं, ह्यानं सोलायचं. बापानं ते उकिडवं बसणं बघितलं आणि म्हणाला, "ह्यो आपल्यातला." मग विचारलं, "कुनाच्या सांगन्यावरनं?" मी म्हणालो, देवाच्या. त्यानं पान उलटं घातलं. हा फोटो भिंतीला लावायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मीही लावला नाही. टांगलेल्याबद्दल बोलायला आमच्याकडे पुष्कळ शब्द आहेत. सुरीला धार लावणारा आपल्यातला निघाला तर काय बोलायचं, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

१९८१ च्या एका रविवारी त्याला लोकलनं कार्ल्याला नेलं. देहूरोड आलं तेव्हा तो खिडकीशी सरकला. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी तिथं बुद्धमूर्ती बसवली त्या गर्दीत तो होता. मळवलीला उतरून चालत गेलो. वर एकवीरेची गर्दी, बोकड, नारळ. ती ओलांडून चैत्यात शिरलो आणि गार वाटलं. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात धेनुकाकटाचे यवन आहेत, एकाचं नाव सिहधय, एकाचं चक्क धम्म. मनूच्या हिशेबी यवन म्हणजे शूद्रपणाला पोचलेले. इथं त्यांचं नाव कोरलेलं. एका खांबावर माणसाच्या तोंडाचं नि जनावराच्या धडाचं रूप आहे, ग्रीकांच्या स्फिंक्सच्या जातीचं. आपल्या पुण्यातले दा. ध. कोसंबी ह्या यवनांच्या मागावर पायी हिंडले होते, हेही मी सांगितलं.

बाप बराच वेळ वर बघत होता. "ह्येंनी आपलं जनावर बुद्धाच्या घरात आनलं, तवा कुनी इचारलं न्हाय?"

मी म्हणालो, बा, तू विचारलंस तसं कुणी विचारलंही असेल. पण काढायला लावलं नाही. गंधारात तर हेराक्लीजला बुद्धाशेजारी राखणदार म्हणून उभा केला. आणि आभाळ तोलण्याची शिक्षा झालेला त्यांचा अ‍ॅटलास, तो तिथं स्तूपाच्या पायाशी बसवला.

"वज्जं उतरवलं का त्येचं?"

"नाही. आभाळाच्या जागी स्तूप."

तो काही बोलला नाही. बाहेर येताना दारावरचा लेख मी वाचून दाखवला. वेणुवासाचा मुलगा सामी, सुतार, धेनुकाकटाचा, त्यानं हे दार केलं. बापानं अक्षरांवरनं बोट फिरवलं. "सुताराचं नाव हाय." मग आत वळून त्या एवढ्या मोठ्या पोकळीकडे बघितलं. "आन् डोंगर फोडला त्येंची?"

मी शोधली. मला सापडली नाहीत.

"चल," म्हणाला. "लोकल चुकंल."