आमच्या प्रतिनिधीकडून

बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं, म्हणून त्या दिवशी आपण पत्रकार दिन साजरा करतो. आमच्या वाशिमला करतात, मुंबईलाही करतात. शाल, श्रीफळ, आणि व्यासपीठावर हमखास एक गृहस्थ, ज्यांनी उमेदीची चार-पाच वर्षं बातमीदारी केली आणि उरलेली तीस एखाद्या कारखान्याचा नाहीतर मंत्र्यांचा जनसंपर्क सांभाळला. त्यांचं वाक्य ठरलेलं असतं: जनसंपर्क म्हणजे पत्रकारितेचाच विस्तार. टाळ्या पडतात, आणि त्या वाजवणारे बहुतेक पत्रकारच असतात.

विस्तार कसला, हे एकदा विचारायला हवं. बातमीदार जनसंपर्कात जाताना पुष्कळ काही सोबत नेतो. महत्त्वाचं वर कसं घ्यायचं, कोणत्या उपसंपादकाला काय रुचतं, पान किती वाजता सुटतं, हे सगळं. मागे राहते ती एकच सवय: पलीकडच्या माणसाला गाठून ‘तुमचं काय म्हणणं?’ असं विचारण्याची.

जनसंपर्काच्या धंद्याचा मूळपुरुष आयव्ही ली. धर्मोपदेशकाचा मुलगा, प्रिन्स्टनचा पदवीधर, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतला बातमीदार. १९०६ साली कोळसा खाणमालकांचं काम घेतल्यावर त्यानं संपादकांना एक जाहीरनामा धाडला. आशय असा की आमचं काम उघड्यावर चालेल, माहिती अचूक असेल, आणि एखादा मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असं वाटलं तर तो छापू नका. त्याच वर्षी अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा त्या रेल्वे कंपनीसाठी काम करताना तिच्या जुन्या खाक्याप्रमाणे झाकाझाकी न करता त्यानं पत्रकारांना थेट जागेवर नेलं. मला हा माणूस इथपर्यंत फार आवडतो. आजच्या किती संपादकांना असा जाहीरनामा झेपेल?

मग १९१४ उजाडलं. कोलोरॅडोत लडलो इथं संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू पेटवले गेले. एका तंबूखालच्या खड्ड्यात आसरा घेतलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं मेली. खाणमालक रॉकफेलरांनी ली याला बोलावलं. त्यानं पत्रकं काढली. त्यांत संघटनेच्या पुढाऱ्यांचे पगार फुगवलेले होते. वर्षभराची रक्कम नऊ आठवड्यांची म्हणून छापली होती. चौकशी आयोगापुढे शपथेवर विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की माहिती कंपनीनं दिली, मी पडताळली नाही. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअरनं त्याच्या नावावर कोटी करून (‘पॉयझन आयव्ही’) त्याला विषवेल ठरवलं. मला मात्र ली खोटारडा वाटत नाही. त्याच्यातला बातमीदार फक्त अर्धाच शिल्लक होता. तो लिहीत होता, विचारत नव्हता.

अमेरिका दूरची झाली, पण वाशिमलाही सत्तेची प्रसिद्धी काही नवी नाही. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा इथून दिलेला ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात वंशाचा गौरव संस्कृतात आहे आणि दानाचा कामाचा मजकूर प्राकृतात. कौतुक एका भाषेत, व्यवहार दुसरीत. पण त्या ताम्रपटाचं एक मानलं पाहिजे: तो राजाचा आहे, हे कुणी लपवलेलं नाही.

आणि इथे माझा रोख बदलतो. जनसंपर्कवाल्यानं विचारायचं सोडलं म्हणून त्याला झोडावं, तर वर्तमानपत्रात राहिलेला तरी कुणाला विचारतो? तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. मानधनात पेट्रोल भागत नाही. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची, आणि ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्यानं भरायची, त्याच पुढाऱ्याच्या रस्त्याचं डांबर उखडलं की बातमीही त्यानंच द्यायची. देईल? मी त्याला दोष देणार नाही. २००९च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दन् शब्द सारखे लेख ‘बातमी’ म्हणून आले, ते पत्रकार पी. साईनाथांनी चव्हाट्यावर आणले. पैसे घेऊन बातम्या छापायचं ते ‘पॅकेज’ कुणा वार्ताहरानं ठरवलं नव्हतं.

साईनाथांचाच दुसरा दाखला. २००६ साली मुंबईच्या फॅशन वीकला ५१२ पत्रकारांना प्रवेशपत्रं होती. त्याच वर्षी शेतकरी आत्महत्यांपायी पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यांत वाशिम होतं. इकडे मुक्काम ठोकून बसलेले बाहेरचे पत्रकार बोटांवर मोजण्याइतके. रिकामी जागा रिकामी राहत नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारनं ५० हजार योजनादूत नेमायचं ठरवलं, महिना दहा हजार रुपये, खेड्यात ग्रामपंचायतीमागे एक. सरकारचं म्हणणं गावात पोचवायला माणूस आणि पैसा दोन्ही निघाले. गावाचं म्हणणं बाहेर आणणारा मात्र अजून कमिशनवर आहे. योजनेवर टीका झाली ती निवडणुकीच्या तोंडावर सरकारी खर्चानं प्रचार म्हणून. ती रास्तच, पण वर्तमानपत्रांच्या मालकांनी ती करावी, हे जरा जास्तच झालं.

तेव्हा त्या व्यासपीठावरच्या गृहस्थांशी माझं भांडण आता निम्मं उरलंय. ‘विस्तार’ हा शब्द मी त्यांना देणार नाही. पण जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते, तेव्हा ती कुणाची आहे हे तिच्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं. ली मागत होता तेवढा उघडेपणा तिच्यात आहे. सकाळी तोच मजकूर स्वल्पविरामासकट छापून येतो. कार्यालयाचं नाव गेलेलं असतं आणि त्या जागी ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असतं. हा बदल जनसंपर्काच्या खोलीत होत नाही, डेस्कवर होतो. पुढच्या ६ जानेवारीला टाळ्या वाजवण्यापूर्वी एखाद्या संपादकानं त्याबद्दल बोलावं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकीन.