बिऱ्हाडातली मांडणी

बदलीचा हुकूम आला की आपल्यासारख्यांच्या घरी प्रथम याद्या होतात. बरोबर काय न्यायचे, विकायचे काय, कोणाला काय द्यायचे. गेल्या महिन्यात म्हैसूरच्या आमच्या बिऱ्हाडात अशीच यादी झाली. देव, पलंग, शिवणयंत्र, पुस्तकांच्या पेट्या अशी एकेक नोंद होत गेली, आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीपाशी पत्नीची लेखणी थांबली. “हिला कुठे लिहू?” तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे. तो केवळ सामानाचा नाही असे वाटू लागल्यामुळेच तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

मांडणी म्हणजे काही कलाकुसरीची वस्तू नव्हे. चार आडव्या फळ्या, दोन उभ्या, डबे पडू नयेत म्हणून पुढे बोटभर पट्टी, आणि खाली दोन खुंट्या. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक खोलगट जागा होती, तीत डबे एकावर एक रचून ठेवावे लागत. तीन वर्षांपूर्वी येथे आलो तेव्हा कचेरीतल्या एका स्थानिक सहकाऱ्याला मी ही अडचण सांगितली. तो म्हणाला, “उद्या आचारी पाठवतो.” मी हे घरी जसेच्या तसे सांगितले. आपल्या स्वयंपाकात परक्याने लक्ष घालावे याचा पत्नीला मनस्वी राग आला. दुसऱ्या दिवशी दारात एक वयस्क गृहस्थ उभे राहिले आणि त्यांच्या पिशवीतून करवतीची मूठ डोकावत होती. इकडे सुताराला आचारी म्हणतात हे आम्हांला तेव्हा कळले. म्हैसुरात राहून गेलेल्या वाचकांपैकी काहींची तरी अशी फजिती झाली असेलच.

आचाऱ्याने मापे घेतली व एक आकडा सांगितला. तो मला फार वाटला. शिवाय मनात एक जुनी हौस दबा धरून होती. आपल्या हातांनी काही करावे, नुसती कागदांवर सही करण्यात जन्म घालवू नये, असे पेन्शन जवळ येऊ लागलेल्या बहुतेकांना वाटते, तसे मलाही वाटत होते. पत्नीचीही तयारी दिसली. आम्ही आचाऱ्याला नकार दिला, आणि वखारीतून सिल्व्हर ओकच्या फळ्या आणल्या. कोडगूच्या कॉफीमळ्यांत सावलीसाठी ही झाडे लावतात. लाकडाला सागाचा मान नाही, पण ते स्वस्त असते आणि नवशिक्याच्या रंध्याला फारसा विरोध करीत नाही. करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या आणि ओळंबा एवढी अवजारे घेतली. रविवारच्या सकाळी मागच्या अंगणात काम चाले. मला वाटले होते महिना लागेल; चार लागले. पहिली फळी मी दोनदा मोजून तिसऱ्यांदा चुकीची कापली. अखेरीस हिशेब केला तेव्हा, अवजारे व वाया गेलेले लाकूड धरून, आचाऱ्याने सांगितलेल्या रकमेपेक्षा आमचा खर्च अधिक झाला होता. हा हिशेब मी बरेच दिवस पत्नीपासून लपवून ठेवला. तिने तो माझ्याआधीच केला होता.

खरी अडचण भिंतीची होती. ओळंबा सोडून पाहिला तेव्हा डावीकडची भिंत खालपासून वरपर्यंत पाऊण इंच आत झुकलेली निघाली. काटकोनात केलेली मांडणी तिथे बसेना. मी त्रासून बांधकाम खात्याच्या नावाने बडबडू लागलो. पत्नीने वर्तमानपत्राचे दोन ताव एकास एक चिकटवले, भिंतीला लावले, आणि पोलके बेततात तसा त्यांचा नमुना कापून माझ्या हाती दिला. “भिंत काही आपल्याला सरळ करता येत नाही. फळीच तिच्यासारखी कापा,” ती म्हणाली. त्या नमुन्याबरहुकूम डावी उभी फळी वर अरुंद व खाली रुंद अशी कापली, आणि मांडणी त्या खाचेत अशी चपखल बसली की मधून सुईदेखील जाऊ नये.

पाहुणे येत, मांडणी पाहत, आणि मला म्हणत, “वा! हातात कला आहे तुमच्या.” मी हसून मान डोलवी. पत्नी त्या वेळी बहुधा चहा गाळीत असे. दोन-तीनदा असे झाल्यावर मला त्या हसण्याची लाज वाटू लागली. तरीही ‘हिने बेतली, मी नुसती कापली’ असे स्पष्ट सांगायला मला आणखी काही महिने लागले. का लागले, याचे समर्पक कारण माझ्यापाशी नाही.

वस्तू जो करतो त्याची ती होते, हे आपल्याला उपजतच पटते. लहान मूलसुद्धा ‘मी केलंय’ म्हणून वाळूचा किल्ला दुसऱ्याला मोडू देत नाही. या समजुतीला तत्त्वज्ञानाची बैठक दिली ती इंग्रज विचारवंत जॉन लॉक याने, 1689 साली बाहेर पडलेल्या आपल्या राज्यशासनविषयक दुसऱ्या प्रबंधात. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक माणूस आपल्या देहाचा आणि देहश्रमांचा धनी आहे. निसर्गाने सर्वांसाठी ठेवलेल्या वस्तूत त्याने आपले श्रम मिसळले की ती वस्तू त्याची होते. मात्र इतरांसाठी तितकेच व तितकेच चांगले शिल्लक उरले पाहिजे. हा विचार भारदस्त आहे. पण उदाहरणे देताना लॉक एक चमत्कारिक गोष्ट सहज लिहून जातो. माझ्या घोड्याने खाल्लेले गवत, माझ्या नोकराने कापलेली माती आणि मी स्वतः खणून काढलेले खनिज या तिन्ही गोष्टी तो एकाच दमात माझ्या मालकीच्या ठरवतो. नोकराने मिसळलेले श्रम धन्याचे कसे झाले, याचा खुलासा तिथे नाही. हा भाग मी पूर्वी वाचला होता. तेव्हा नजर त्यावरून सहज घसरून गेली होती. मांडणीनंतर वाचला तेव्हा मला त्या नोकराच्या जागी चहा गाळणारी पत्नी दिसली.

म्हैसूर या विचाराला योग्य गाव आहे. येथला जुना राजवाडा लाकडाचा होता. 1897 साली राजकन्येच्या विवाहप्रसंगी तो आगीत जळाला, आणि आजचा राजवाडा हेन्री अर्विनच्या आराखड्यावरून 1912 साली पुरा झाला. प्रवासी त्या अर्विनचे नाव घेतात, ओडेयर राजांचे घेतात. अंबाविलासाच्या शिसवी दारावर हस्तिदंत ज्यांनी जडवला त्यांचे नाव कोणी घेत नाही. शिसवीवरचे जडावकाम ही या गावाची खास कला. आधी कागदावर चित्र काढायचे, ते शिसवीवर उतरवायचे, तेवढा भाग कोरून काढायचा, आणि फणसासारख्या निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे बारीक करवतीने कापून त्यात सरसाने बसवायचे. रंग लावायचा नाही. लाकडाचा स्वतःचा रंगच चित्राचा रंग. 1986 साली कायद्याने देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, तेव्हापासून त्याची जागा इतर साहित्याने घेतली आहे. एका तबकावर चितारणारा, कोरणारा, तुकडे बसवणारा, घासून झिलई देणारा असे निरनिराळे हात फिरलेले असतात. या कामाला आता भौगोलिक निर्देशाची नोंदणीही आहे. नाव मिळाले ते गावाला.

हे तबक आपण कुठे घेतो? सयाजीराव रस्त्यावरच्या सरकारी भांडारात. हा रस्ता बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा, हे कळल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाला थोडा अभिमान वाटतोच. याच सयाजीरावांनी 1890 साली बडोद्यास कलाभवन काढले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम यांसारख्या विद्या शास्त्रशुद्ध रीतीने आणि देशी भाषांतून शिकवाव्यात हा त्यामागचा हेतू होता. त्याची धुरा ज्यांच्याकडे होती ते त्रिभुवनदास गज्जर स्वतः सुतार समाजातले. आपल्या पांढरपेशा वर्गाने त्या संस्थेचे कौतुक मनापासून केले आणि मुलांना मात्र कारकुनीलाच पाठवले. माझ्या वडिलांनीही मला तसेच पाठवले, आणि मी त्यांचा ऋणी आहे.

ज्याला आम्ही नकार दिला होता तो आचारी पुढे वरचेवर भेटू लागला. त्याचे दुकान आमच्या फिरण्याच्या वाटेवरच होते. एकदा रंध्याला धार लावून घ्यायला गेलो असता, मी विनोदाने माझ्या वाया गेलेल्या फळीची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. फळी केवढ्याची होती ते त्याने विचारले, आणि मग माझ्या मोडक्या कन्नडला समजेल अशा बेताने सावकाश म्हणाला, “माझ्या हातून गेली असती तर ते पैसे माझ्या मजुरीतून गेले असते.” एवढे बोलून तो धार लावू लागला.

त्या वाक्याने माझ्या हौसेचा बराच रंग उतरला. आमच्या चार महिन्यांच्या रविवारांमागे महिन्याच्या पगाराची भिंत उभी होती. चुकण्याची चैन आम्हांला परवडत होती. श्रमाची जी गोडी मी मित्रांना पत्रांतून वर्णन करून सांगत होतो, तिच्यातला मोठा हिस्सा त्या पगाराचा होता. आपल्या जुन्या गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. वर्षभर नांगर-वखर दुरुस्त करायचे आणि सुगीत धान्याचा वाटा घ्यायचा, अशी रीत होती. त्या व्यवस्थेतले अन्याय कोणी झाकू नयेत. तरी कुणब्याला उद्या हौस वाटली म्हणून सुताराचे बलुते बंद होत नसे, एवढे खरे.

मग सुशिक्षित माणसाने हातात करवत धरूच नये की काय? गांधीजींनी याच्या नेमके उलट सांगितले. ट्रान्सवालमध्ये 1910 साली टॉलस्टॉय फार्म निघाला, तेव्हा घरबांधणीपासून चपला शिवण्यापर्यंतची कामे तिथली माणसे स्वतः करीत आणि लहानमोठे लाकडी सामानही तिथेच तयार होई. पण तिथे शेजारी पगाराचे पाकीट नव्हते, आणि जमीन कालेनबाख या स्नेह्याने दिलेली होती. अमेरिकेतल्या थोरोची गोष्टही अशीच. 1845 साली त्याने वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी झोपडी बांधली आणि खर्चाचा हिशेब अर्ध्या सेंटपर्यंत लिहून ठेवला: अठ्ठावीस डॉलर, साडेबारा सेंट. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती. कुऱ्हाड उसनी होती. ती परत देताना आणली त्याहून धारदार करून दिली, असे तो कौतुकाने सांगतो. आणि फळ्या? त्या रेल्वेमार्गावर राबणाऱ्या कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची खोपटी सव्वाचार डॉलरांना विकत घेऊन, ती मोडून मिळवल्या. कॉलिन्स आपले कुटुंब आणि एका गाठोड्यात मावणारा संसार घेऊन पहाटे वाटेला लागला. स्वावलंबनाच्या या जगप्रसिद्ध घराला इतक्या जणांचे हात लागले होते. थोरोने ते लपवले नाही, आणि म्हणून मला तो अधिकच आवडतो. दोन वर्षांनी तो तिथून निघाला. झोपडी पुढे हलवून एका शेतावर धान्य साठवायला वापरली गेली.

पहिल्या वर्षीच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. म्हैसुरात त्या दिवशी आयुधपूजा असते. आपल्याकडची खंडेनवमी, पण येथे तिचा थाट मोठा. गावातल्या रिक्षांना झेंडूचे हार असतात, यंत्रे बंद असतात, आणि आचाऱ्याच्या दुकानात पाटावर मांडलेली अवजारे कुंकवाने लाल झालेली असतात. पत्नीने आमचाही रंधा, करवत आणि पटाश्या धुऊन पुसून पाटावर मांडल्या. मला ते अवघड वाटले. ज्या अवजारांवर आपले पोट नाही त्यांची पूजा करण्याचा आपल्याला अधिकार काय, असे मी म्हणालो. ती म्हणाली, “त्यांनी आपली बोटे तोडली नाहीत, एवढ्यासाठी तरी हात जोडा.” मी जोडले. मात्र ओळंबा तिने पाटावर सर्वांच्या मध्ये ठेवला होता, ते मला बऱ्याच उशिरा उमगले.

तर आता यादी. मांडणी आमची, असे म्हणावे तर ती सरकारी भिंतीला इतकी अनुरूप झाली आहे की दुसऱ्या कोणत्याही घरात ती लंगडीच उभी राहील. तिच्यात जशी आमची मेहनत मिसळली आहे तसा या भिंतीचा दोषही मिसळला आहे. सरकारची म्हणावे तर सरकारच्या कोणत्याही नोंदवहीत ती नाही. मी तर पुढच्या बिऱ्हाडकरूवर उपकार करीत असल्याचा भाव मनात आणून तिला ‘देऊन टाकायचे’ या रकान्यात लिहायलाही निघालो होतो. पण तो बिऱ्हाडकरू कोण, त्याला ती हवी आहे की नको, हे कुठे ठाऊक आहे? न मागितलेले दान ही पुष्कळदा मागच्याची पुढच्यावर लादलेली आठवण असते. आपण सर्वांनीच बदलीच्या घरात शिरताना आधीच्यांचे खिळे, हुक आणि न उतरणारे कॅलेंडरचे डाग निमूटपणे पत्करलेले आहेत.

शेवटी पत्नी म्हणाली, “आचाऱ्याला बोलावा. सुटत असेल तर नेऊ.”

तो आला. त्याने वरून खालपर्यंत हात फिरवला, पिशवीतून गुण्या काढून डाव्या फळीला लावला, आणि थबकला. पुन्हा लावून पाहिला. मग भिंतीकडे पाहिले. “हे कापायला कोणी सांगितले?” त्याने विचारले. मी पत्नीकडे बोट केले. तिने कपाटातून वर्तमानपत्राचा तो पिवळा पडलेला नमुना काढून दाखवला. तो तिने जपून ठेवला होता हे मला माहीत नव्हते. आचाऱ्याने तो उजेडात धरून पाहिला, घडीवर घडी घालून परत दिला, आणि सांगितले की सोडवीन, पण ही दुसरीकडे उभी राहणार नाही.

ती सोडवली नाही. तिसरी फळी जराशी हलत होती, तिथे त्याने एक पाचर मारून दिली. मी त्याला दिवसाची मजुरी देऊ केली. त्याने ती मोजली, अर्धी परत केली, आणि जाताना दारात वळून म्हणाला, “येणाऱ्या साहेबांना काही करून हवे असेल तर माझे दुकान सांगून ठेवा.”

पत्नीने यादीच्या तळाशी त्याच्या दुकानाचा पत्ता लिहिला.