नकुलमातेचा धीर



यवतमाळ जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द आता नवा राहिलेला नाही. आपल्या बौद्ध समाजात, तसेच गोंड, परधान बांधवांत हा आजार घरोघर ठाऊक आहे. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांसांध्यांत असह्य कळा उठतात. काल शाळेत गेलेले लेकरू आज अंथरुणाला खिळते.

मग घरात काय होते? सासू म्हणते, हे सुनेच्या माहेरचे. शेजारी म्हणतो, मागल्या जन्मीचे भोग. बाप गप्प होतो, आई रात्र जागते आणि लेकरू स्वतःलाच घराचे ओझे समजू लागते. आजार एकाला, पण कळ साऱ्या घराला!

प्रथम हे ध्यानात घ्या की, हे कोणाच्याही पापाचे फळ नव्हे. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची कल्पना आनुवंशिकतेच्या कसोटीवर तपासून नाकारलेली आहे. सिकलसेल आईबापांकडून येतो, आणि दोघांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के असते. सुनेकडे बोट दाखविणाऱ्या सासूच्या मुलानेही तेवढाच वाटा दिलेला असतो. मग एकटी सून माहेरी का धाडावी?

आता भगवंतांच्या काळातील एक घर पाहा. नकुलपिता अतिशय आजारी पडला. शरीराच्या रोगाहून चिंतेने तो अधिक खचला होता. नकुलमातेने ते ओळखले. ती त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या मनातील एकेक भीती तिने स्वतःच उच्चारली. मला कापूस कातता येतो, मी मुले सांभाळीन, घर मोडणार नाही, तुम्ही चिंता करू नका, असा धीर तिने दिला. नकुलपिता बरा झाला, काठी टेकीत तथागतांकडे गेला. तथागतांनी त्या गृहिणीची थोरवी त्याला सांगितली.

आपणही कापसाच्या मुलखातील माणसे. बोलण्याने सिकलसेल बरा होत नाही, हे खरे. त्याला औषधच हवे. डॉक्टरांनी दिलेल्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चुकवू नका. पाणी भरपूर द्या, थंडीपासून जपा, ताप येताच दवाखाना गाठा. परंतु न बोललेली भीती हा दुसरा आजार आहे आणि त्याचा उपचार घरातच सुरू होतो. आठवड्यातून एकदा सारे एकत्र बसा. लेकराला विचारा, तुला कशाची भीती वाटते? रात्रीचे जागरण वाटून घ्या. ते एकट्या आईचे काम नव्हे. कोणी जगणे नकोसे झाले असे म्हणाले, तर त्याला दटावू नका, एकटे सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

लग्नाआधी मुलामुलींचे रक्त तपासा. वाहक हा रोगी नव्हे. लपवाछपवी मात्र घातक आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र मागण्यात लाज कसली? तो हक्क आहे.

आणि विहारांनी काय करावे? पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास अशा घरांसाठी ठेवावा. तेथे उपदेश कमी करावा, ऐकावे जास्त. ज्या घरी रुग्ण आहे त्या घरी शेजाऱ्याने एक रात्र जागावी. करुणा शब्दाचा अर्थ याहून वेगळा नाही.

जयभीम!