चाक दोन बोटं वर

आमच्या पिढीच्या गाड्यांना डबल स्टँड असे. टाच रोवायची, मागचं हँडल धरायचं, एक हिसका, की गाडी ताठ उभी. बुलेट असो वा स्प्लेंडर, ही विद्या घरातल्या मोठ्यांकडून मिळायची. ज्या दिवशी ती पहिल्यांदा जमायची, त्या दिवशी आरशात मिशी शोधावीशी वाटे.

मुलाची ड्यूक चाकणच्या कारखान्यातली, पण तिला डबल स्टँड नाही. वजन वाचतं, आणि वळणावर गाडी कलली की खाली घासायला काही उरत नाही. कारण पटण्यासारखं आहे. पंचाईत होते ती चेनला तेल द्यायच्या वेळी. चेन पाचशे-सातशे किलोमीटरला तेल मागते, पावसात भिजली की त्याआधीच. गाडी साइड स्टँडवर कललेली आणि चाक जमिनीला चिकटलेलं. मग थोडं पुसा, गाडी वीतभर ढकला, पुन्हा पुसा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन फिरवणारे बहाद्दरही आहेत. त्यांच्याकडे बघवत नाही. चेन आणि दात्यांमध्ये सापडलेलं बोट पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

म्हणून मागचा स्टँड आणायचा ठरलं. रेसच्या मैदानातून आलेला, पॅडॉक स्टँड म्हणतात तो. गाडीचं वजन दीडशे-पावणेदोनशे किलो, त्यातलं साधारण निम्मं मागच्या चाकावर. पण दांडा लांब असला की तेवढं ओझं एका हाताच्या दाबावर उठतं. शाळेत शिकलेली तरफ इतक्या उशिरा कामाला आली.

दुकानात मुलगा रंग बघत होता, मी वेल्डिंग. खरा प्रश्न मात्र तिसराच निघाला: स्टँड गाडीला धरणार कुठे? रबराची गादी असलेला स्टँड स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या बाहूला, खालून टेकू देतो. तो जवळजवळ कुठल्याही गाडीला चालतो, पण गाडी त्यावर नुसती टेकलेली असते. जरा धक्का लागला की सरकू शकते. दुसऱ्या प्रकारात स्विंगआर्मला दोन्ही बाजूंनी दोऱ्याच्या रिळासारखे स्पूल बसवतात आणि स्टँडचे आकडे त्यांना खालून धरतात. ही पकड पक्की. मात्र त्यासाठी गाडीला मुळात आटे पाडलेली भोकं हवीत, आणि ती कुठे सहा मिलिमीटरची, कुठे आठची, कुठे दहाची. चुकीचा बोल्ट रेटला तर ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. ज्या गाडीचं चाक एकाच बाजूच्या आर्मवर असतं, जशी डुकाटीची ९१६, तिला हे दोन्ही प्रकार कामाचे नाहीत. तिच्या आसात खुंटी घालणारा स्टँड वेगळाच.

आम्ही आकड्यांचा घेतला. रुंदी कमी-जास्त करता येणारा, खालची चाकं लांब लांब बसवलेली. त्या चाकांचा विचार फारसा कुणी करत नाही. आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. लहान चाक त्यांच्या फटीत अडकलं तर गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

पहिल्या रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसती पुढून धरा." मी धरली. साइड स्टँडखाली फळीचा तुकडा सरकवून गाडी थोडी सरळ केली, आकडे रिळांखाली बसलेत का ते दोन्हीकडून वाकून पाहिलं, आणि त्याने दांडा दाबला. चाक दोन बोटं उचललं. एवढंच उचलायचं असतं.

बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचं तर माझे आजोबा असाच टेकू देऊन चाक मोकळं करत. वंगणाचं नळकांडं गाडीखालीच लोंबत असे. टेकू लावला की ते आधी चाकाला एक गिरकी देत आणि कान लावत. मला तेव्हा तो खेळ वाटे.

मुलाने चाक फिरवलं. इतके महिने आम्ही चेनचा ढिलेपणा बोटाने तपासत होतो, पण गाडी जिथे थांबली असेल तेवढ्याच जागी. आता चाक हळूहळू फिरवत गेलो तर एके ठिकाणी चेन ठीक, पुढे जरा सैल, आणि एका जागी एकदम ताठ. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. ढिलेपणा ठरवायचा तो त्या ताठ जागेवर. सैल जागा बघून चेन ओढली तर ताठ जागी ती बेअरिंगचा जीव घेते. मागच्याच महिन्यात आम्ही ती ओढून घेतली होती. कुठल्या जागी बघून, ते दोघांनाही आठवेना.

"परत एकदा फिरव," मी म्हटलं, आणि ताठ कडीवर खूण करायला खडू शोधू लागलो.